अंबूबाई लेकीकडे गेल्यात

"काका, मावशी कुठंयत? आणि आज अननस नाही?"

उद्धवरावांनी पपईवरची सुरी न उचलता वर पाहिलं. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी, हातात मिटलेली छत्री, केस आखूड कापलेले. ओळखायला क्षणभर वेळ लागला. नेहा होती. उन्हाळ्याच्या आधी कंपनीनं तिला बंगळूरला पाठवलं होतं. आता श्रावणात परत आलेली दिसत होती.

पपईची साल सुरीखालून लांबच लांब उतरत होती. ती तुटू न देता त्यांनी शेवटापर्यंत नेली, खालच्या बादलीत सोडली आणि मग म्हणाले, "लेकीकडं गेलीय."

"विजयश्रीकडे? अरे हो, तिचं बाळंतपण! मी जायच्या आधीच सांगत होत्या मला."

"व्हय. दिवस भरत आलेत तिचे."

"मग परत कधी येणार?"

"आता बाळंतपण म्हणल्यावर येळ लागतोच की."

"तर मग अननस मावशी आल्यावरच," नेहा हसून म्हणाली. "आज पपई द्या. मसाला कमी."

प्लेट घेऊन ती गेटातून आत गेली. उद्धवरावांनी दुसरी पपई घेतली, उभी चिरली आणि चमच्यानं आतल्या काळ्या बिया खरवडायला लागले. बिया संपल्या तरी चमचा गर खरवडत राहिला.

अंबूबाई आषाढात वारल्या होत्या.

*

तळवड्याच्या त्या रस्त्यावर एका बाजूला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आहेत आणि मागच्या गल्ल्यांमध्ये पत्र्याच्या शेडचे छोटे कारखाने. उद्धवराव औशाजवळच्या गावाहून आले ते त्या मागच्या गल्लीतल्या एका प्रेस शॉपमध्ये. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, तयार झालेला तुकडा काढायचा. एका ओव्हरटाइमच्या दिवशी यंत्रानं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. मालकानं दवाखाना केला, काही महिने घरबसल्या पगार दिला आणि मग दुसरीकडे बघायला सांगितलं. दुसरीकडे तीन बोटांचा हात पाहून कोणी आत घेईना. उद्धवराव खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले.

तेव्हा अंबूबाई पेरूंची पाटी घेऊन या गेटासमोर येऊन बसल्या. पाटीचा पुढे गाडा झाला. फळं कापून विकायची हीसुद्धा त्यांचीच कल्पना. "कंपनीतल्या लेकरांना सोलायला येळ कुठाय?" त्या म्हणाल्या होत्या. "कापून म्होरं ठिवलं की खातेत." आणि त्यांनी नवऱ्याच्या उजव्या हातात सुरी दिली.

हळूहळू कामं वाटली गेली. पपई, कलिंगड, खरबूज, सफरचंद उद्धवरावांचं. बर्फाची लादी फोडून कापलेल्या फळांखाली पसरणं, माश्या बसू नयेत म्हणून गाड्याच्या कोपऱ्याला उदबत्ती लावून ठेवणं अंबूबाईंचं. आणि अननस अंबूबाईंचा. त्याला पकड घट्ट लागते. तीन बोटांत तो काटेरी, ओला गड्डा ठरत नसे, गरकन फिरे. अंबूबाई शेंड्याला धरून त्याला उभा करत, वरून खाली साल उतरवत, मग तिरक्या खाचा घेत एकेक डोळा काढत जात. शेवटी फळ हातात धरलं की त्याला स्क्रूसारखे आटे पाडलेले दिसत. गिऱ्हाइकं कापणं बघायला थांबत. अंबूबाईंचं तोंड सगळा वेळ चालू असे, आणि ते बहुतेक गिऱ्हाइकांशी.

उद्धवरावांना बोलायची कधी गरजच पडली नव्हती. आता पडत होती, आणि त्यांच्याकडे शब्द फार थोडे होते. मिक्स का साधी? मसाला टाकू का? काडी हितं हाय. दिवसभरात एवढंच बोलणं व्हायचं. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर तेही नाही. पहिले काही दिवस रिक्षावाल्यांनी, गेटावरच्या वॉचमननं आवाज खाली आणून विचारपूस केली होती. कशी गेली, काय झालं होतं, दवाखान्यात न्यायला वेळ मिळाला नाही का. मग त्यांचं हसणं-खिदळणं पुन्हा सुरू झालं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. वॉचमन तर महिनाभरात बदलूनही गेला. मोशीच्या बाजारात पहाटे माल घ्यायला गेले की अननसाच्या ढिगांपुढून उद्धवराव मान वळवून पुढे जात.

त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्यांनी स्टोव्हवर भात चढवला आणि तो शिजेपर्यंत दारात उभे राहिले. नेहाला खोटं का सांगितलं, ते त्यांना कळत नव्हतं. उद्या सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. पण जेवताना त्यांच्या मनात आलं की ती उद्या पुन्हा विचारील, आणि तिला काय सांगायचं याचा विचार करत ते नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवले.

*

नेहा मूळची जळगावची. रावेतला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायची. जेवणाच्या सुट्टीतली गर्दी ओसरली की ती एकटीच खाली येत असे. नवी नवी नोकरीला लागली होती तेव्हा एकदा ती फोनवर बोलत गाड्यापाशी आली आणि बोलता बोलता रडायला लागली. अंबूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं नाही. गाड्यामागं फळांचा रिकामा क्रेट उलटा घातला, तिला त्यावर बसवलं, एक सफरचंद बारीक बारीक चिरलं आणि प्लेट तिच्या मांडीवर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसू नये म्हणून स्वतः पुढे पदर पसरून उभ्या राहिल्या. तेव्हापासून ती त्यांना मावशी म्हणायची.

"काही बातमी?" आता ती रोज विचारायची.

उद्धवराव सांगायचे. अंबूबाई लेकीला मेथीचे लाडू करायलीय. तिकडं पाऊस बरा झालाय. विजूचे पाय सुजलेत, म्हणून तिला कामाला हात लावू देत न्हाई. सांगायला लागलं की त्यांना ते दिसायचं. अंबूबाई खरोखरच श्रावणात तिकडं जाणार होत्या. बाळाच्या अंगाखाली घालायला जुन्या लुगड्यांचे चौकोन कापून त्यांनी पिशवीत भरूनही ठेवले होते. जे व्हायचं होतं तेच उद्धवराव सांगत होते. फक्त ते झालं नव्हतं.

भाद्रपदात एका सकाळी जावयाचा, समाधानचा, फोन आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. विजयश्री फोनवर आली आणि नुसतीच "आप्पा" म्हणाली. उद्धवराव "बरं, बरं" म्हणाले. मग समाधाननं फोन परत घेतला. बाळंतपण तिच्या सासूनंच केलं.

दुपारी नेहा आली तेव्हा गाड्याला टेकून शेजारच्या टपरीच्या यशोदाबाई उभ्या होत्या. यशोदाबाई तळवड्याच्याच, जुन्या गावातल्या. त्यांचं घर चार पिढ्यांपासून इथलं, आणि त्यांच्या चहाच्या टपरीला आणि या गाड्याला एकाच लिंबाच्या झाडाची सावली पडायची.

"काका, बातमी?"

"मुलगी झाली," उद्धवराव म्हणाले.

"खरंच? मावशी काय म्हणतात?"

"ती कशाला बोलतीय माझ्याशी आता. पोरीला पहिली आंघोळ तिनंच घातली. मांडीवरनं खाली ठेवंना म्हणं."

नेहानं टाळ्याच वाजवल्या. ती गेटातून आत जाईपर्यंत यशोदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आषाढात अंबूबाईंना शेवटची आंघोळ त्यांनीच घातली होती.

"भाऊ," त्या अखेर म्हणाल्या, "ह्ये काय चाललंय?"

"पहिल्या दिवशी तोंडातनं निघालं."

"पहिल्या दिवशी निघालं. आन् आज?"

उद्धवरावांनी फडकं पिळून कलिंगडावर अंथरलं.

"त्या पोरीला फसवायचं बरं न्हाई," यशोदाबाई म्हणाल्या आणि टपरीकडे वळल्या.

पण नवरात्राच्या सुमारास नेहा चहाला म्हणून त्यांच्या टपरीवर थांबली आणि तिनं सहज विचारलं, "यशोदामावशी, तुम्हाला फोन येतो का हो अंबूमावशींचा? मला तर काका म्हणतात तिकडे रेंज धड नसते." तेव्हा यशोदाबाईंनी एकदा गाड्याकडे पाहिलं. उद्धवराव खाली मान घालून सफरचंदाची फोड पुन्हा पुन्हा चिरत होते. ती फोड इतकी बारीक झाली होती की कोणाला देण्यासारखी उरली नव्हती.

"येतो की," यशोदाबाई म्हणाल्या. "नातीचंच कवतिक चालू असतंय. आपल्याला काय बोलूच देत न्हाई."

चहा गाळताना त्यांनी पाठ फिरवली ती नेहा जाईपर्यंत परत वळवली नाही.

*

दिवाळी होऊन गेली. थंडी पडली आणि कापलेल्या फळांचा खप कमी झाला. लोक पेरू आणि बोरं मागायला लागले. नेहा मात्र येत राहिली. बाळाला दात कधी येतात, मावशींना तिकडे करमतं का, असलं काहीबाही विचारत राहिली. उद्धवरावांना आता उत्तरं सुचेनाशी झाली होती. अंबूबाईंना तिकडे जाऊन फार दिवस झाले होते. इतके दिवस नवऱ्याला एकटं सोडून त्या राहिल्या नसत्या, हे नेहालाही कधीतरी कळेल असं त्यांना वाटायचं. कधी तिला गेटातून बाहेर येताना पाहिलं की ते मुद्दाम बर्फ फोडायला खाली वाकायचे. आणि एखाद्या दिवशी ती आली नाही तर संध्याकाळपर्यंत गेटाकडे बघत राहायचे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी ती आली ती हातात कापडी पिशवी घेऊन.

"काका, माझं लग्न ठरलंय. जळगावलाच आहे. आणि त्यानंतर मी हैदराबादला जाणार. म्हणजे इथले माझे हे शेवटचे दिवस." तिनं पिशवी उघडून दाखवली. आत हिरवी, बारीक काठांची सुती साडी होती. "मावशींना. त्या नेसतात तसलीच घेतली ना? मऊ आहे बघा."

उद्धवरावांनी हात फडक्याला पुसले, पण साडीला लावले नाहीत.

"देतो मी तिला," ते म्हणाले.

"तुम्ही नका देऊ. मीच देणारे. लातूरला माझी कॉलेजातली मैत्रीण आहे, शनिवारी तिला पत्रिका द्यायला चाललेय. विजयश्री औशाकडेच ना? तिथून किती लांब? मी मावशींना भेटते, बाळाला बघते आणि साडी त्यांच्या हातात देते. गावाचं नाव तेवढं सांगा." तिनं फोन काढला आणि टाइप करायला अंगठा तयार ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

उद्धवरावांनी मसाल्याच्या डब्याचं झाकण लावलं. रस्त्यावरून कंपनीची एक बस गेली, तिच्यामागं दुसरी.

"काका? गावाचं नाव?"

"जाऊ नका, ताई."

"का?"

"ती तिथं न्हाई."

"मग कुठंयत?"

"ती न्हाईच आता," उद्धवराव म्हणाले. "आषाढातच गेली ती."

नेहाचा अंगठा तसाच फोनवर राहिला. "आषाढात म्हणजे?" ती म्हणाली. "मी तर श्रावणात आले."

"व्हय."

"म्हणजे मी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा..."

"व्हय."

ती मागं सरकली. जायला निघाली असं त्यांना वाटलं, पण ती गाड्याला वळसा घालून मागं आली आणि पालथ्या क्रेटवर बसली. उद्धवरावांना तिच्याकडे तोंड करून बोलणं जमेना. ते गाड्याकडेच बघत बोलायला लागले.

"त्या दिवशी पाठ दुखायली म्हणत होती. दुपारपासनंच. मी म्हणलं दवाखान्यात जाऊ. म्हणली, घरी जाऊन पडते जरा. मी म्हणलं, गाडा बंद करतो, संगं येतो. तर म्हणली, 'एवढं कापून ठिवलंय, त्ये काय उद्यापतोर टिकतंय व्हय? कापलेलं तेवढं खपवून या.'" ते थांबले. "मग थांबलो मी. पावसानं उघडीप दिली होती, लई गिऱ्हाईक आलं त्या दिवशी. समदं खपलं. एक फोड राहिली न्हाई. घरी गेलो तर ती भिंतीला टेकून बसलेली. मला वाटलं डोळा लागलाय. मी आवाज न करता भांडी खाली ठिवली. तिला झोपू द्यावं म्हणलं."

बर्फाचं पाणी गाड्याच्या फटीतून खाली ठिबकत होतं. हे सगळं त्यांनी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. विजयश्रीलासुद्धा नाही.

"मला का नाही सांगितलंत?" नेहाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

उद्धवरावांनी विचार केला. त्यांना खरं उत्तर द्यायचं होतं.

"समदे विचारायचे, कशी गेली. तुमी आलात आन् म्हणालात, मावशी कुठंयत. कुठं हाय म्हणून कुणी विचारलंच नव्हतं, ताई. मग सांगावं वाटलं, कुठंतरी हाय म्हणून."

नेहा उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी घरी आईला सांगत होते, काका. मावशींना नात झाली म्हणून पेढे आणले होते मी. सगळ्या टीमला वाटले." तिनं पिशवी घट्ट धरली. मग ती म्हणाली, "तुम्ही मला त्यांच्यासाठी रडूसुद्धा दिलं नाहीत."

 ती रस्ता ओलांडून गेटापर्यंत गेली, तिथं थांबली, परत आली. पिशवी तिनं गाड्यावर ठेवली, चाट मसाल्याच्या डब्याशेजारी.

"ही त्यांची आहे," ती म्हणाली. "मी परत नाही नेणार."

आणि ती गेली. उद्धवरावांनी पिशवीला पाणी लागू नये म्हणून ती उचलून छातीशी धरली आणि तसेच उभे राहिले. एका गिऱ्हाइकानं दोनदा हाक मारल्यावर ते भानावर आले.

*

नेहा त्यानंतर दिसली नाही. शेवटच्या दिवसांत ती दुसऱ्या गेटानं जात असेल किंवा घरूनच काम करत असेल.

यशोदाबाईंनी सगळं टपरीतून पाहिलं होतं. त्यांनी काही दिवस विषय काढला नाही. मग एका दुपारी, गाड्यावर कोणी नसताना, त्या चहाचा ग्लास घेऊन आल्या.

"बरं केलंत सांगितलं त्ये."

"व्हय," उद्धवराव म्हणाले. चहा त्यांनी हातात नुसताच धरून ठेवला. "पण आता अंबू कुठं हाय म्हणून विचारणारं कुणी राहिलं न्हाई, यशोदाबाई."

यशोदाबाईंनी लिंबाच्या खोडाला टेकून पदरानं कपाळ पुसलं.

"विजू हाय की," त्या म्हणाल्या. "तुमास्नी एवढं वाटतंय. त्या पोरीनं कुणाला इचारावं? पहिलटकरीण ती. आईबिगर बाळातीण झाली आन् बाप अजून तिच्या दारात गेला न्हाई."

"कसा जाऊ? तिथं गेलो म्हंजी..."

"म्हंजी तिथंबी अंबू न्हाई, ह्ये दिसंल. दिसू द्या की. तिला रोज दिसतंय."

उद्धवरावांनी चहा संपवला, ग्लास विसळून यशोदाबाईंच्या हातात दिला. संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्यांनी विजयश्रीला फोन लावला आणि म्हणाले, "विजू, येतो म्हणलं एकदा."

पलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं. "या, आप्पा," विजयश्री म्हणाली. "बाळाला घेऊन फाट्यावर येते मी."

शनिवारी आयटी पार्कला सुट्टी असते. उद्धवरावांनी गाड्यावर ताडपत्री टाकली, ती चारी कोपऱ्यांना बांधली आणि यशोदाबाईंना लक्ष ठेवायला सांगून ते सकाळी वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर आले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि दाढी केली होती. लातूरची गाडी लागली तेव्हा फारशी गर्दी नव्हती. त्यांना दोघांच्या बाकावर जागा मिळाली. साडीची पिशवी त्यांनी शेजारी खिडकीच्या बाजूला ठेवली आणि तिच्या तोंडाशी दुमडून गाठ मारली.

गाडी सुटायच्या आधी माणसं भराभर चढायला लागली. मांडीला पाच-सहा वर्षांची मुलगी बिलगलेली, हातात बोचकं, अशी एक बाई त्यांच्या बाकापाशी येऊन थांबली. तिनं खिडकीच्या जागेकडे पाहिलं.

"बाबा, इथं कुणी बसलंय का?"

उद्धवरावांनी त्या जागेकडे पाहिलं. खिडकीच्या काचेतून ऊन आत आलं होतं आणि ते रेक्झिनवर पसरलं होतं.

"न्हाई," ते म्हणाले. "कुणी न्हाई."

त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मायलेकींना आत जाता यावं म्हणून उठून उभे राहिले.